चालायला सोबत

मला झोप येत नव्हती, एवढीच माझी तक्रार होती. त्यासाठी माणसाला गावभर हिंडवायचं काही कारण नव्हतं. पण डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे ताजे रिपोर्ट समोर पसरले, "हं" म्हणाले, मग पान उलटून आणखी एकदा "हं" म्हणाले. पहिल्या 'हं'ने माझे तळवे गार पडले होते, दुसऱ्याने कान गरम झाले.

"हृदयाचा पंप कमजोर आहे, ते आपल्याला माहीतच आहे," ते म्हणाले. "आहेत त्या गोळ्या चालू ठेवा. झोपेची गोळी मात्र मी देणार नाही. चाला."

"कुठे?"

"कुठेही. रोज, बेताबेताने. चालताना बोलता आलं पाहिजे, इतपतच. दिवसा पाय थकले की झोप आपोआप येते."

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. लोकांच्या पंपांच्या तक्रारी ऐकण्यात माझी सगळी हयात गेली. कमजोर पंप जास्त चालवा म्हणजे तो सुधारेल, असं मी आजवर एकाही नागरिकाला सांगितलेलं नाही. हा मुद्दा मी डॉक्टरांपुढे मांडलाही. ते हसले नाहीत. शेजारी बसलेल्या आमच्या हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ज्या पायांनी आता मला चालायचं होतं, त्यांतल्याच एकावर.

घरी परत येईपर्यंत गोष्ट आमच्या दोघांत होती. आमची ही जिन्यात तळमजल्यावरच्या काकूंना भेटली आणि आम्ही दारात पोचण्याआधी ती गोष्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली. संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. मी माझ्याच घरात, माझ्याच चालण्यावरची चर्चा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकली.

काकूंचं म्हणणं पडलं की अनवाणी चालावं, कारण बूट आले की जमिनीचा आणि माणसाचा संबंध तुटतो. समोरच्या विमा एजंटाचं म्हणणं, बूट महागातलेच हवेत, आणि चालायला लागण्याआधी एकदा त्याला भेटावं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, उलटं चालावं. म्हणजे पाठीमागे. मी विचारलं, "आणि गाडी आली तर?" त्यावर ते म्हणाले, "तोच तर व्यायाम." मग प्रत्येकाने आपापल्या नात्यातला एक चालणारा माणूस काढला.

"आमचे एक साडू रोज चालायचे," विमा एजंट म्हणाला. "ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका."

"मग?" आमच्या हिने आशेने विचारलं.

"गेले ना."

सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे कप खाली ठेवले.

तर मी चालायचं ठरवलं. बूट घेतले. पाहिल्यावर लांबूनच ओळखू यावेत असे हिरवे पट्टे त्यांच्यावर होते. दुकानदार म्हणाला, तुमच्या मापात एवढेच आहेत. ते घालून मी सकाळी नगरपालिकेच्या बागेत गेलो. बाग म्हणजे आपलीच. तिथल्या झाडांना जाणाऱ्या पाण्याच्या जोडणीवर माझी सही आहे. पण फाटकापाशी रखवालदाराने मला अडवलं. चालण्याच्या पट्ट्यावर पासाशिवाय जाता येत नाही, आणि पास उद्यान विभागात मिळतो.

उद्यान विभाग आमच्याच इमारतीत, माझ्याच मजल्यावर, बोळाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या कारकुनाबरोबर मी वर्षानुवर्षं डबा खाल्ला आहे. पण खिडकीच्या पलीकडे बसला की तो वेगळा माणूस असतो.

"प्रकृती कशी?" त्याने विचारलं.

"बरी आहे. जरा हृदयाचं..."

"अरेरे. मग जलद पट्टा तुम्हाला देता येणार नाही. तिथे प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला लागतो."

"मला जलद नकोच आहे. डॉक्टरांनी हळू चालायला सांगितलंय. तुमचा तो मंद पट्टा आहे ना, तो द्या."

"तो ज्येष्ठ नागरिकांसाठी. तुम्ही अजून नोकरीत आहात."

"म्हणजे मी चालू शकत नाही एवढा आजारी आहे, आणि चालता येईल एवढा म्हातारा नाही?"

"असं मी म्हणालो नाही," तो दुखावला जाऊन म्हणाला. "नियमात बसत नाही, एवढंच. तुम्ही लेखी द्या, आपण वर पाठवू." आणि मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून, "किंवा निवृत्तीपर्यंत थांबा."

इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा मी त्याच्या डब्यातलं काही खायचं नाही असं ठरवलं, आणि रस्त्यावर चालायला लागलो.

रस्त्यावर पास लागत नाही, पण रस्त्यावर ओळखीचे लोक असतात. मागच्या झटक्यानंतर मला दवाखान्यातून आणलं तेव्हा आख्खी गल्ली खिडक्यांत उभी होती, त्यामुळे माझ्या हृदयाची बातमी कोणाला नवी नाही. मी चार पावलं टाकतो न टाकतो तोच एक स्कूटर शेजारी थांबे. "काका, बसा, सोडतो." मी म्हणे, मी चालायलाच निघालोय. "अहो, अशा तब्येतीत? बसा बसा." एकाने तर मला बळेच बसवून घराच्या दारात आणून सोडलं. मी तो कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो आणि पुन्हा निघालो. तो काहीतरी विसरला म्हणून परत आला, तर मी पुन्हा रस्त्यात! त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही. हृदयावरून आता डोक्यावर गेलंय, असं ती नजर म्हणत होती.

पण खरा घोटाळा बुटाच्या नाडीने केला. ती सुटली. मी फुटपाथवर खाली वाकलो. वाकल्यावर लगेच उठावं, तर गाठ बसेना, म्हणून एक गुडघा टेकला. बस, एवढंच. मागून कोणीतरी किंचाळलं, "अहो, काका पडले!"

त्यानंतरचं सगळं फार भराभर झालं. दोघांनी मला काखेत धरून आडवं केलं. मी म्हणालो, "नाडी." एकजण म्हणाला, "नाडी बघा म्हणतायत," आणि माझं मनगट धरून बसला. "लागत नाही हो," त्याने जाहीर केलं. तो माझ्या घड्याळाच्या पट्ट्यावर बोट दाबून होता. कोणीतरी तोंडावर पाणी मारलं. कोणीतरी माझा एक बूट काढून नाकाला लावला. नवा बूट. त्याला दुकानाचा वास येत होता. आणि या गर्दीतून वाट काढत आमची ही आली, कोणी कळवलं देव जाणे, आणि रस्त्यात भिजून आडव्या पडलेल्या मला पाहून मटकन खाली बसली. आता लोकांनी मला सोडलं आणि तिला धरलं.

घरी आल्यावर तिने पदराने माझं डोकं पुसलं. नाडी बांधत होतो, हे मी तोवर इतक्यांदा सांगितलं होतं की माझाच त्यावरचा विश्वास उडाला होता.

"यापुढे एकटं चालायचं नाही," ती म्हणाली. "मी सरांना सांगितलंय."

सर म्हणजे पीटी सर. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी पँट, ताठ पाठ. पत्नी कधीच गेलेली, मूलबाळ नाही. आयुष्यात डोकंसुद्धा दुखलेलं नाही, असं ते स्वतः सांगतात, आणि डोकं दुखणाऱ्यांकडे जरा खालच्या नजरेने बघतात.

दुसऱ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बुटांवरचे हिरवे पट्टे पाहून क्षणभर डोळे मिटले.

"पोट आत. छाती बाहेर. चला, साहेब."

"डॉक्टर म्हणालेत, बेताने."

"बेताने म्हणजे काय? चालणं एक तर असतं, किंवा नसतं."

ते पुढे, मी मागे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे चालताना मला बोलता यायला हवं होतं; मला 'सर, थांबा' एवढंही म्हणता येत नव्हतं. मी झाडापाशी उभा राहिलो की ते शिट्टी फुंकत. आसपासची शाळेत जाणारी पोरं रांग धरत. एकदा त्यांनी मला चौकात, भर वर्दळीत, दंड फिरवायला लावले. समोरून आमच्या खात्याचे साहेब गाडीतून गेले. त्यांनी काच खाली केली, पाहिलं, आणि काच वर केली.

मी हिच्याकडे तक्रार केली. "हा माणूस मला मारणार."

"त्यांच्यामुळे तुम्ही चालता तरी. आणि ते एकटे असतात हो. सकाळी तुमच्यासाठी तयार होऊन बसतात. मला वरून बुटांचा आवाज येतो, तुम्ही उठायच्या किती आधी."

या बायकांचं काही कळत नाही. माझं हृदय, माझे पाय, आणि दया त्यांची.

त्या दिवशी आम्ही पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर होतो. हा चढ सरांचा लाडका. मी मान खाली घालून, स्वतःशी पुटपुटत, एकेक पाऊल टाकत होतो, आणि वर बघतो तो काय, मी पुढे आणि सर मागे! मला झालेला आनंद मी लपवणार नाही. वळून काहीतरी टोमणा मारावा म्हणून थांबलो. सर एका दंतवैद्याच्या पाटीपुढे उभे राहून ती पाटी वाचत होते. पाटीवर दोनच ओळी होत्या. त्यांचं वाचून होईना.

मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो. हवा गार होती, पण त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चेहरा चुन्यासारखा. एका हाताने जबडा चोळत होते.

"दात," ते म्हणाले. "दातच दुखतोय. डॉक्टर कधी उघडतो बघतोय."

"सर, छातीत दाबल्यासारखं होतंय?"

"ॲसिडिटी आहे."

"डावा हात जड झालाय?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"सर, या विषयात मी तुमच्या पुढच्या वर्गात आहे. खाली बसा."

"मी रस्त्यावर बसत नसतो."

"बसा!"

ते बसले. मला वाटतं, आयुष्यात त्यांच्यावर कोणी ओरडलं नव्हतं. मी फोन काढला. रुग्णवाहिकेच्या नंबरावर एक बाई फार गोड आवाजात थांबायला सांगत होती आणि मधे मधे संगीत लावत होती. इकडे सरांचे ओठ पांढरे पडत चालले होते. रुग्णालय उताराच्या पायथ्याशी, पण सरांना पाऊल टाकू देणं शक्य नव्हतं. तेवढ्यात वरून एक टेम्पो येताना दिसला. हात केला, ओरडायला गेलो, तर आवाजच फुटेना. मग सरांच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि जिवाच्या आकांताने फुंकली. माझा पंप कमजोर असेल, भाता शाबूत आहे. टेम्पोवाल्याने कचकन ब्रेक मारला आणि आधी लायसन्स बाहेर काढलं.

टेम्पोत गाद्या होत्या. नव्या कोऱ्या, प्लास्टिकमधल्या. आम्ही दोघांनी मिळून सरांना उचलून वर ठेवलं.

"प्लास्टिक तेवढं फाटू देऊ नका हं," टेम्पोवाला म्हणाला, पण गाडी त्याने अशी हाणली की मी गाद्यांवर चेंडूसारखा उडत होतो. सरांनी माझा दंड घट्ट धरला होता. "आडवे व्हा ना," मी म्हटलं. "दिवसाढवळ्या मी आडवा होत नाही," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

रुग्णालयाच्या दारात मी टेम्पोतून उडी मारली आणि आत धावलो. हीच माझी चूक. तिथल्या खिडकीवरची मुलगी मला ओळखते.

"काका! परत?"

"मी नाही, मी नाही, बाहेर..."

मी घामाघूम, धापा टाकतोय, शब्द फुटत नाही. तिने घंटी दाबली. दोन वॉर्डबॉय आले आणि मला चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन निघाले.

"अहो, मी ठीक आहे! पेशंट बाहेर आहे!"

"हो काका, हो. बोलू नका तुम्ही. दम लागेल."

सरांना टेम्पोवाल्याने धरून आत आणलं. मला खुर्चीतून नेताना पाहून ते थबकले, आणि मला वाटतं, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला. "बरोबर आहे," ते नर्सला म्हणाले. "त्यांनाच आधी बघा. मला काही नाही, दात दुखतोय." आणि रांगेतल्या एका बाकावर जाऊन शिस्तीत बसले.

मला पडद्याआड घेऊन माझा शर्ट काढला, छातीला वायरी चिकटवल्या. यंत्रातून पट्टी बाहेर यायला लागली तशी वायरी लावणारी मुलगी "अगं बाई" म्हणाली.

"अहो, माझी पट्टी नेहमीच तशी असते!"

"शांत पडून राहा."

पडद्याच्या फटीतून मला बाक दिसत होता. सर ताठ बसले होते. मग त्यांची मान हळूहळू पुढे झुकली. ती पाठ वाकलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मी उठलो. वायरी ओढल्या गेल्या, यंत्र घसरलं, कोणीतरी माझा हात धरला, तो मी झटकला. उघड्या अंगाने, छातीवरून वायरी लोंबताहेत अशा अवतारात मी मधोमध उभा राहिलो, आणि आयुष्यभर खात्यात ऐकलेलं, बोललेलं सगळं माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"तिकडे पंप बंद पडतोय, आणि इथे काय गळती शोधताय? ते बघा! त्या बाकावर! पांढरी पँट!"

एक तरुण डॉक्टर वळला. त्याने बाकाकडे पाहिलं मात्र, आणि धावलाच. मग सगळेच धावले. सरांना उचलून नेलं. त्यांचा एक पांढरा बूट बाकाखाली राहिला. तो मी उचलला आणि हातात धरून उभा राहिलो.

खिडकीवरच्या मुलीने आता हळू आवाजात विचारलं, "यांचं कोण आहे? नातेवाईक?"

"मी."

"नातं?"

"मी यांच्याबरोबर चालायला जातो. म्हणजे... सोबत."

"असं नातं यात नाही, काका."

"भाऊ लिहा," मागून आवाज आला. आमची ही. तुमचे मिस्टर इथे आहेत, एवढाच निरोप तिला मिळाला होता. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. तिने माझ्या उघड्या छातीकडे पाहिलं, हातातल्या बुटाकडे पाहिलं, तो कोणाचा हे ओळखलं, आणि बाकावर बसून रडायला लागली. मला पाहून मटकन बसणारी ही बाई, सरांसाठी मात्र रीतसर रडली. मी तिच्या शेजारी बसलो. मला थंडी वाजत होती, पण शर्ट कुठे ठेवलाय हे विचारायची ती वेळ नव्हती.

पुष्कळ वेळाने तो तरुण डॉक्टर बाहेर आला. बंद झालेली वाहिनी उघडली होती. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," तो म्हणाला. "घरी एकटे असते तर..." आमच्या हिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर म्हणाली, "शर्ट घाला."

सरांना भेटायला दुपारी सोडायचे. मी ऑफिसातून थेट जायचो. पहिल्या दिवशी ते बोलले नाहीत. रुग्णालयाच्या ढगळ अंगरख्यात ते फार लहान दिसत होते. पाठ टेकून पडलेला हा माणूस कोण, असं मला वाटलं. दुसऱ्या भेटीत त्यांनी माझ्या बुटांबद्दल काहीतरी वाईट उद्गार काढले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मग एका दुपारी नर्स बाहेर गेल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, खरं सांगा. तुम्हाला झोप का येत नाही?"

डॉक्टरांनी हे विचारलं होतं, हिने विचारलं होतं, तळमजल्यावरच्या काकूंनीही विचारलं होतं. सगळ्यांना मी गादी, डास, शेजारचा रेडिओ, जे सुचेल ते सांगितलं होतं.

"भीती वाटते," मी म्हणालो. "डोळा लागला आणि उघडलाच नाही तर? म्हणून ऐकत पडतो. धकधक चालू आहे ना, ते."

सर छताकडे बघत राहिले.

"मीही ऐकतोय," ते म्हणाले. "इथे तर यंत्रच लावलंय, टिक टिक करतं. तरी मी बोट ठेवून मोजतो. यंत्र चुकलं तर?" थोडं थांबून म्हणाले, "मूर्खपणा आहे."

"आहेच."

"वहिनींना सांगितलंत?"

"नाही. तीही ऐकत बसेल मग."

ते हसले, आणि हसल्यावर छातीत दुखलं म्हणून माझ्यावर चिडले. मग म्हणाले, "तुम्ही आत्ता ऐकता का जरा? मी डोळे मिटतो."

मी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. या खेपेला घड्याळाच्या पट्ट्यावर नाही, नीट शोधून, नाडीवर. ती चालू होती. जरा अडखळत, पण चालू. "आहे," मी सांगितलं. "आहे, सर. चालू आहे." त्यांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांचा श्वास लांब होत गेला. माझी बोटं अवघडली, पण काढली तर ते जागे होतील, म्हणून तशीच ठेवली. खिडकीतून ऊन माझ्या गुडघ्यावर आलं होतं. खोलीत कोणी बोलत नव्हतं, कोणी सल्ला देत नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या हृदयाचं काय चाललंय याची मला कितीतरी वेळात आठवणच झाली नव्हती.

कोणीतरी मला खांद्याला धरून गदागदा हलवत होतं. मी दचकून डोळे उघडले. बाहेर अंधारायला लागलं होतं. माझी मान सरांच्या पलंगाच्या कडेवर होती, तोंड उघडं होतं, आणि सर पूर्ण जागे, माझ्याकडे बघत होते. त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती.

"अहो काका," नर्सबाई वैतागून म्हणाल्या, "भेटायची वेळ केव्हाच संपली. आणि केवढ्याने घोरताय! आमचे पेशंट उठतायत. झोपायचंच असेल तर घरी जा ना."